आईचा गुडघा आणि फुकटचा शेक

आमच्या घरातल्या भिंतीवरचं घड्याळ कीटकनाशकाच्या कंपनीचं आहे. दारामागची पिशवी ठिबकवाल्यांची, माझी टोपी टोमॅटोच्या बियाण्याची, न्हाणीतली बादली खताच्या दुकानदाराची. यातल्या एकाही वस्तूला आम्ही पैसे दिलेले नाहीत, आणि तरी त्या फुकट आल्या असं म्हणायची माझी तयारी नाही. आमच्या भागात पीक पाहणीचा मेळावा असला की आधी भाषण होतं आणि मग जेवण. पूर्वी जेवण आधी असायचं. पण माणसं हात धुऊन थेट गाडीला किक मारतात हे कंपन्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी क्रम बदलला.

सांगायचं म्हणजे, फुकट या प्रकाराची आपल्याला चांगली पारख आहे असं मी समजून होतो. मी अवसरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर मुलांना मीटर कसा वाचायचा ते दाखवायचं, त्यामुळे समजावून सांगण्याची खोड अंगात मुरलेली. ‘अभिनंदन, लकी ड्रॉमध्ये तुमचा नंबर लागलाय’ असा फोन आला की दुसरे लोक तो कट करतात; मी त्या माणसाला धरून बसवतो. ड्रॉ कुठे काढला, चिठ्ठी कुणी उचलली, तेव्हा तुम्ही हजर होता का, असं विचारत जातो आणि शेवटी तोच बिचारा फोन ठेवतो. बायको म्हणते, ‘इतका वेळ माझ्याशी तरी कधी बोलला होतात का?’

आईला तर फुकटाबद्दल कुणी काही शिकवायची गरजच नव्हती. तिने मंचरच्या बाजारात वर्षानुवर्षं भाजी विकली. मेथीची जुडी घेतली की वर कोथिंबिरीच्या चार काड्या, वांगी घेतली की दोन हिरव्या मिरच्या. लहानपणी मी तिच्या पोत्याशेजारी बसायचो, तेव्हा मला वाटायचं आई किती मोठ्या मनाची. एकदा तसं बोललो, तर ती गिऱ्हाईक लांब जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, ‘येड्या, ती काडी न्हाई दिली तर पुढच्या बाजाराला बाई पलीकडं बसती.’

अशा बाईला कुणी फुकटाच्या नादाला लावेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिचा उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, वाटी घासली आहे, वंगण संपलंय, आता बदलावी लागेल. उशीर केला तर पाय वाकडा होईल, सगळा भार डाव्यावर येऊन तोही जाईल आणि मग चालणंच बंद, असंही त्यांनी सांगितलं. आईने सगळं शांतपणे ऐकलं. दिवाळीनंतरची तारीख ठरली. दिवाळी झाल्यावर ती म्हणाली, तुळशीचं लग्न होऊ दे. मग म्हणाली, थंडीत जखम ठणकते. मी म्हणालो, ठीक आहे. तिला अंगणातून न्हाणीपर्यंत जायला भिंतीचा आधार लागत होता, आणि उंबरा ओलांडताना ती उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवायची. ते पाहिलं की मी समजावून सांगायला लागायचो.

त्याच सुमारास मंचरला शेक देण्याचं एक सेंटर उघडलं. रिक्षावर कर्णा लावून त्यांची माणसं आमच्या गावातही ओरडत फिरली. गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखी, उपचार मोफत, नाव नोंदवा आणि भेटवस्तू घेऊन जा. शेजारच्या दोघीतिघी निघाल्या, त्यांच्याबरोबर आईही रिक्षात बसून गेली. संध्याकाळी घरी आली ती हातात नवाकोरा स्टीलचा डबा घेऊन.

मी म्हणालो, ‘झाली सुरुवात.’

‘मला नगं शिकवू,’ आई म्हणाली. ‘कोथिंबिरीची काडी हाय ती. कळतंय मला.’

मला हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर आई चुलीपुढे बसून शेंगदाण्याचे लाडू वळत होती, आणि वळलेले लाडू त्या डब्यात भरत होती. कुणाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘सेंटरमदल्या पोरींना. रिकामा डबा परत करत्यात व्हय कुणी?’

आता हे बाहेरच्या माणसाला कसं सांगायचं ते मला कळत नाही. आमच्याकडे शेजारणीने वाटीभर आमटी पाठवली तर वाटी रिकामी परत जात नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. पण तो डबा परत करायचा नव्हताच, तो भेट होता, कंपनीचं नाव छापलेली भेट. मी आईला तसं बजावलं. तिने ऐकून घेतलं आणि झाकण लावलं. कुणाच्या तरी घरून भांडं आलं आहे आणि ते रिकामं पडून आहे, एवढंच तिला दिसत होतं.

सेंटरमधली मुलगी आधी घाबरली म्हणे. डबा परत आलाय म्हणजे काहीतरी तक्रार आहे असं तिला वाटलं. ती लातूरकडची होती, मंचरला आणखी दोघींबरोबर खोली घेऊन राहायची आणि मेसचं जेवायची. तिने झाकण उघडलं, लाडू पाहिले आणि तिथेच एक खाल्ला. दोन दिवसांनी डबा आमच्याकडे आला, त्यात तेलाच्या छोट्या पुड्या घातलेल्या. तीही आपल्याच मुलखातली, तिलाही रिकामं भांडं पाठवता येईना. मग आईने थालीपीठं दिली. मग मुलीने बाम दिला. असा तो डबा जा-ये करू लागला आणि आईचं सेंटरला जाणं रोजचं झालं.

एका शनिवारी कॉलेज लवकर सुटलं म्हणून मी तिला आणायला गेलो. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर मोठा हॉल, एका बाजूला ओळीने बेड. बेडच्या आत गरम गोटे फिरतात आणि पाठीपासून पायापर्यंत शेक देतात. वाईट काही नव्हतं, थंडीच्या दिवसांत कुणालाही बरं वाटेल. पण बेडवर पडायच्या आधी खुर्च्यांवर बसावं लागे, आणि समोर पांढरा शर्ट आणि टाय घातलेला एक माणूस बोलत असे. सगळे त्याला सर म्हणत. त्याचं मराठी टीव्हीवरच्या हिंदीत भिजवलेलं होतं.

‘ऑपरेशन म्हणजे काय असतं, सांगा मला,’ सर म्हणाले. ‘माणूस काय मोटरसायकल आहे का, पार्ट बदलायला?’

सगळे हसले, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवल्याने रक्त फिरतं असंही त्यांनी सांगितलं होतं, त्यामुळे टाळ्यांना कधी तोटा नसे. मी आईकडे पाहिलं. तीही वाजवत होती.

घरी येताना मी गाडीवरून ओरडूनच सांगत होतो. मोटरसायकलचा पार्ट घासला तर बदलावाच लागतो, शेक देऊन तो बरा होत नाही. आई मागे एका बाजूला पाय टाकून बसली होती, उजवा पाय वाकत नसल्यामुळे तो काठीसारखा बाहेर आलेला. तिने माझ्या खांद्यावर थाप मारून सांगितलं, ‘म्होरं बघ, ट्रॉली हाय.’ पुढे खरंच उसाची ट्रॉली होती.

त्या महिन्यात तिने ऑपरेशनला सरळ नाही म्हणून सांगितलं. शेकाने फरक पडतोय, आणखी थोडे दिवस बघू, असं तिचं म्हणणं. फरक पडत नव्हता. उंबऱ्यावर पाय अजून हातांनीच उचलला जात होता आणि आता डावा गुडघाही सुजायला लागला होता. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तारीख पुन्हा दिली, आईने ती पुन्हा मोडली. मी मोबाईलवर ऑपरेशनचा व्हिडिओ काढला आणि तिला शेजारी बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवला, कसं काही घाबरण्यासारखं नाही ते. तिने पाहिला आणि उठून गेली. मला त्या सेंटरचा इतका राग येत होता की तिथल्या मुलीचाही येऊ लागला. ती आईला ‘आई’ म्हणायची. घरी मी आणि सेंटरमध्ये ती, दोघांनी आई म्हणायचं, आणि आईने तिचं ऐकायचं.

मग सेंटरचा मेळावा आला. मंगल कार्यालय घेतलं होतं, जेवण होतं. सोबत घरचा एक कर्ता माणूस आणायचा आणि ओळखीतला एक नवीन माणूस आणायचा, नवीन माणसाला कुकर मोफत. कर्ता म्हणून मी गेलो. नवीन माणूस म्हणून आईने पारगावच्या मावशीला बोलावलं.

ही मावशी म्हणजे आईची बाजारातली सोबतीण. नात्याची नाही, पण दोघींची पोती इतकी वर्षं शेजारी शेजारी होती की नात्याच्या बायका मागे पडल्या. पोरांच्या परीक्षा, सुनांची बाळंतपणं, सगळं त्या दोन पोत्यांच्या मधल्या फटीत बोलून झालेलं. मावशी एकटी राहते, एक गाय आहे, डेअरीला दूध घालते. तिची कंबर धरलेली असते. कुकर मिळणार म्हणून ती आली असं ती म्हणाली, पण मला वाटतं आईला भेटायला आली.

मेळाव्यात भाषण आधी झालं, हे सांगायला नको. मग प्रत्येक घराला वेगळं टेबल आणि टेबलावर एक माणूस. आमच्या टेबलावर सर स्वतः बसले, कारण आई रोजची होती. बेडची किंमत त्यांनी कागदावर लिहून उलटी ठेवली, मग सुलटी केली, मग खोडून खाली दुसरी लिहिली. ही फक्त आज. एक दुभती गाय येईल एवढी ती होती.

‘घरी विचारून सांगतो,’ मी म्हणालो. आमच्याकडे कुठल्याही व्यवहारातून उठायचं तर हे वाक्य पुरतं. समोरचा माणूस समजून घेतो आणि चहा मागवतो.

‘आत्ता विचारा ना,’ सर म्हणाले. ‘वहिनींना फोन लावा, मी बोलतो.’

‘ती शाळेत शिकवते, आत्ता तासावर असेल.’

‘मग कसली वाट बघायची? आईसाठी एवढं नाही करणार तुम्ही? आईपेक्षा मोठं आहे का काही?’

मी फोनवरच्या माणसांना गप्प करतो म्हणून सांगितलं ना, पण समोर आई बसलेली असताना मी नुसता तो कागद पुन्हा उलटा ठेवला. चहा आला. तो संपला तर दुसरा आला. उठायला जावं तर खुर्चीमागे एक पोरगा हात बांधून उभा, अदबीने. माझं डोकं तापत चाललं होतं. मी म्हणालो, ‘आईचं ऑपरेशन ठरलंय. तिला बेडची गरज नाही.’ सरांनी मान डोलावली, जणू मी फार शहाणं बोललो, आणि ते आईला घेऊन माईककडे गेले.

‘आई रोज येतात,’ सर माईकवर म्हणाले. ‘आईंनाच विचारू. सांगा आई, कसं वाटतंय गुडघ्याला?’

ती मुलगी आईला दंडाला धरून उभी होती. आईने सगळीकडे पाहिलं. पंगतीसाठी पानं मांडायला सुरुवात झाली होती, मसालेभाताचा वास येत होता.

‘बरं वाटतंय,’ आई म्हणाली. ‘पोरी लई करत्यात.’

एवढंच बोलली. सरांनी तिचं ‘बरं वाटतंय’ उचललं आणि तीन वेळा माईकवर म्हणून दाखवलं. टाळ्या झाल्या.

मी त्या क्षणी आईवर चिडलो, आता चिडत नाही. आमच्याकडे लग्नात जेवताना यजमान पंक्तीतून फिरतो आणि विचारतो, स्वयंपाक कसा झालाय. आमटीत मुठीने मीठ पडलेलं असलं तरी माणूस म्हणतो, ‘झकास.’ नावं ठेवायची तर वेशीबाहेर गेल्यावर ठेवतात, आणि मग मात्र भरपूर ठेवतात. त्यांच्या मांडवात बसून, त्यांच्या पोरीचा हात धरून, आईने जे बोलायचं असतं ते बोलून दाखवलं. तिच्या लेखी ती ‘झकास’ होती. ऐकणाऱ्यांनी ती साक्ष म्हणून घेतली.

आम्ही बेड घेतला नाही. मी नाहीच म्हणत राहिलो, शेवटी सर माझ्याकडे न बघता दुसऱ्या टेबलाकडे गेले. जेवून आम्ही घरी आलो. मावशीला तिच्या गावच्या एका बाईबरोबर जीप मिळणार होती, म्हणून ती मागेच राहिली होती.

दोन दिवसांनी संध्याकाळी मावशीचा फोन आला. आईला कानाला लावून ऐकू येत नाही म्हणून ती स्पीकर चालू ठेवते, त्यामुळे सगळं घर ऐकतं. मावशीने बेड घेतला होता. बुकिंग केलं होतं, बाकीचे पैसे टेम्पो आल्यावर द्यायचे. त्यासाठी गाय विकायला काढायची होती, उद्या सकाळी व्यापारी बघायला येणार होता.

‘बेड आला की पयली तू निजायचं त्याच्यावं,’ मावशी म्हणाली. ‘म्या त्या टायवाल्याचं काय बी ऐकलं नसतं. पर तू म्हणलीस बरं वाटतंय, मंग म्हणलं घ्यावाच.’

आईने फोन मांडीवर ठेवला. मावशी पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी मीच उचलून सांगितलं की रेंज गेली असेल.

रात्री आई जेवली नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर बायकोने डोळ्यांनी दटावलं आणि मी हात धुवायला उठलो. सकाळी आई नेसून ओट्यावर बसली होती. म्हणाली, ‘मला पारगावला ने.’ कॉलेजला उशीर होईल असं मी म्हणालो नाही, एवढी अक्कल मला त्या दिवशी होती. ओट्याला गाडी लावली, तिला वरूनच मागच्या सीटवर सरकवलं आणि निघालो. कारखान्याचा हंगाम चालू होता. बैलगाड्या आणि ट्रॉल्या यांच्यामागून आम्ही रडतखडत गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा व्यापारी आला होता. गाय अंगणात बाहेर काढून बांधलेली आणि तो तिच्या कासेला हात लावून बघत होता. मावशी आईला पाहून खूश झाली. पाणी आणायला वळली, तर आईने तिचा हात धरला.

‘गाय इकू नगस,’ आई म्हणाली. ‘माझा गुडघा बरा न्हाई.’

‘म्हंजी?’

‘म्हंजी न्हाई. तसूभर न्हाई. हिवाळ्यात व्हता त्याच्यापरीस बिघडलाय. डावा बी चाललाय आता.’

मावशीने हात सोडवून घेतला. ‘मंग माईकवर का बोललीस तसं?’

‘त्यांच्या मांडवात बसले व्हते. जेवायची पानं मांडली व्हती. आन ती पोरगी हाताला धरून हुबी. मन कसं मोडू तिचं? मला काय ठावं तू माझ्या बोलण्यावं गाय काढशील.’

‘मंग कुणाच्या बोलण्यावं काढू?’ मावशी म्हणाली.

व्यापारी शहाणा माणूस होता. त्याने कासेवरचा हात काढला, धोतराला पुसला, आणि पुन्हा कधी काढायची झाली तर सांगा म्हणून निघून गेला. मावशीने गाय परत आत नेऊन बांधली आणि तिच्यापुढे हिरव्या चाऱ्याची पेंढी टाकली. बाहेर येऊन तिने आईला चार शिव्या घातल्या, अगदी मनापासून, आणि आईने मान खाली घालून त्या खाल्ल्या. बुकिंगचे पैसे सोडवायला पुढे मी बऱ्याच चकरा मारल्या. पैसे मिळाले नाहीत, दोन कुकर मिळाले. पण ते नंतरचं.

त्या सकाळी चहा झाला. आई ओट्यावर पाय लांब करून बसली होती, कारण तो तसाच ठेवावा लागायचा. मावशी खाली बसून तिचा गुडघा चाचपत होती. सूज बघून तिने जीभ टाळ्याला लावून च् केलं.

‘आगं, काय बी गुण न्हाई, तर रोजच्या रोज मरायला जात कशाला व्हतीस तिथं?’

मला वाटलं आई पुन्हा पोरींचं, डब्याचं काहीतरी सांगेल.

‘तिथं जात व्हते तवर हितं कुणी आपरेशनला नेत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘शेक चालू हाय म्हणलं की तारीख म्होरं जायची.’

‘अगं, पण आई,’ मी मध्येच बोललो. ‘डॉक्टरांनी एवढं समजावलं तुला. मी व्हिडिओ दाखवला, सगळा पहिल्यापासून.’

‘दावलास की. हाड कसं कापत्यात ते बी दावलंस.’

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला हसू आलं होतं का राग, ते मला कळलं नाही.

‘त्या पोरीनं पयल्याच दिशी माझा पाय मांडीवं घेतला,’ आई सांगत होती, मला नाही, मावशीला. ‘म्हणली, आई, आपरेशनची भीती वाटती का. घरात कुणी तसं म्हणलं न्हाई. घरात समदी म्हणायची, काई व्हत न्हाई.’

तो प्रश्न त्या मुलीला शिकवलेला असणार. आलेल्या बाईला पहिलं काय विचारायचं, पाय कसा धरायचा, हे सगळं त्यांना शिकवतात. ते माझ्या ओठांवर आलं होतं, आणि ते खरंही होतं. आयुष्यात मी खूप ठिकाणी खरं बोललो आहे. त्या दिवशी ते गिळलं, ओट्यावरून खाली उतरलो आणि आईच्या पायाशी मावशीच्या शेजारी बसलो.

‘भीती वाटते का गं?’

‘लई,’ आई म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझा खांदा धरून उठायला लागली. ‘पर काढ तारीख. तू मातुर दाराशी थांबायचं तिथं. च्या प्यायला म्हणून भाईर जायचं न्हाई.’